व्हीलचेअरसाठी घराचे प्रवेशद्वार : उपकरण निवडण्याचा क्रम

पक्षाघात, मणक्याची दुखापत, खुब्याचे हाड मोडणे किंवा वाढते वय, कारण कोणतेही असो, घरात व्हीलचेअर बहुधा घाईत येते. रुग्णालयातून घरी सोडण्याची तारीख ठरते आणि इतकी वर्षे लक्षातही न आलेल्या दाराशी असलेल्या तीन पायऱ्या एकदम अडचणीच्या होऊन बसतात. मग कोणी ऑनलाइन फोल्डिंग रॅम्प मागवतो, तर कोणी गवंड्याला बोलावून पायऱ्यांवरच सिमेंटचा उतार ओतून घेतो. चढ इतका उभा होतो की खुर्ची वर घ्यायला दोन धडधाकट माणसे लागतात. प्रत्येक वेळी कोणाला तरी हाक मारावी लागते म्हणून खुर्चीवरची व्यक्ती हळूहळू बाहेर जाणेच टाळू लागते.

हे टाळायचे असेल तर निवडीचा क्रम नीट असावा लागतो. आधी व्यक्ती, मग खुर्ची, मग मापे, त्यानंतर उपकरण आणि शेवटी खर्च. पुढील टप्पे याच क्रमाने दिले आहेत. पहिले चार टप्पे पूर्ण झाल्याशिवाय आपण कोणत्याही विक्रेत्याला आगाऊ रक्कम देऊ नये.

१. व्यक्तीची गरज लिहून काढावी

सुरुवात चार प्रश्नांनी करावी. व्यक्ती खुर्ची स्वतः हाताने चालवते, बॅटरीच्या खुर्चीवर बसते, की कोणी तरी ढकलते? ढकलणारी व्यक्ती कोण आहे? पंचवीस वर्षांच्या मुलाला जो चढ जमतो, तो सत्तरीच्या पत्नीला जमत नाही. बाहेर जाणे किती वेळा होते : रोज कामावर, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला, की महिन्यातून एकदा तपासणीला? आणि गरज किती काळाची आहे? खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतरची गरज बहुधा काही महिन्यांची असते. मज्जारज्जूच्या दुखापतीत ती अनेकदा कायमची असते. स्नायूंची ताकद हळूहळू कमी करणाऱ्या आजारात आज हाताने चालणारी खुर्ची उद्या बॅटरीची होणार, हे धरूनच निवड करावी लागते.

ही उत्तरे खुर्चीवर बसणाऱ्या व्यक्तीकडूनच घ्यावीत. घरच्यांना सोयीचा वाटणारा मागचा दरवाजा तिला नको असेल, तर त्या मताला पहिला मान द्यावा.

शक्य असल्यास या टप्प्यावर ऑक्युपेशनल थेरपिस्टचा सल्ला घ्यावा. हे तज्ज्ञ रुग्णाच्या रोजच्या हालचाली आणि घराची रचना यांचा मेळ घालून देतात. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत, तसेच केईएम, सायन आणि नायर या पालिका रुग्णालयांत ऑक्युपेशनल थेरपीचे विभाग आहेत. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही आहे. जाताना प्रवेशद्वाराचे फोटो आणि मापे सोबत न्यावीत, म्हणजे सल्ला नेमका मिळतो.

२. खुर्चीची पाच मापे घ्यावीत

खुर्ची अजून घ्यायची असेल, तर खुर्ची आणि दार यांचा विचार एकत्रच करावा. घेतलेली असेल, तर ही पाच मापे नोंदवावीत. पहिले, बाहेरून बाहेरपर्यंतची एकूण रुंदी. १८ इंची खुर्ची म्हणजे १८ इंचांची बैठक. हाताने फिरवायच्या कड्या धरून तीच खुर्ची साधारण २५ ते २६ इंच, म्हणजे ६५ सेंटिमीटरच्या आसपास भरते. दुसरे, पाय ठेवण्याच्या पट्ट्यांसह लांबी. व्यक्तीला बसवूनच ती मोजावी, कारण पावले पट्टीच्याही पुढे येतात. तिसरे, खुर्चीचे वजन. हाताने चालणारी साधी खुर्ची १५ ते २० किलोची असते, बॅटरीची खुर्ची त्याच्या कित्येक पट जड असू शकते. चौथे, पुढच्या छोट्या चाकांचा व्यास, कारण फटीत किंवा कडेला आधी तीच अडकतात. पाचवे, जमीन आणि खुर्चीचा सर्वांत खालचा भाग यांतील अंतर. हे अंतर कमी असेल तर रॅम्प संपून सपाट जागा सुरू होते तिथे खुर्ची मधोमध टेकते.

३. रस्त्यापासून पलंगापर्यंतचा मार्ग तपासावा

दाराची पायरी हा एकच अडथळा क्वचितच असतो. रिक्षा किंवा गाडी जिथे थांबते तिथून रिकामी खुर्ची ढकलत घरात यावे आणि जिथे जिथे ती अडते त्या प्रत्येक जागेची नोंद करावी. सरकत्या फाटकाखालची लोखंडी पट्टी, वर आलेले चेंबरचे झाकण, खचलेले पेव्हर ब्लॉक, पार्किंगमधून लिफ्टकडे जाणाऱ्या दोन-तीन पायऱ्या, लिफ्टच्या दाराची रुंदी, मजल्याला बरोबर न थांबणारी लिफ्ट, पॅसेजमधले वळण आणि त्यात ठेवलेली चपलांची कपाटे, बाहेर उघडणारे जाळीचे दार आणि शेवटी उंबरठा.

ही यादी हाती आली की कशावर खर्च करायचा ते स्पष्ट होते. दाराशी उत्तम रॅम्प बसवला, पण लिफ्टचे दारच ६० सेंटिमीटरचे असेल, तर आधी अरुंद खुर्चीचा विचार करावा लागेल. सर्वांत अवघड अडथळा कोणता ते शोधून त्यापासून सुरुवात करावी.

४. एकूण उंची अचूक मोजावी

रॅम्पची लांबी पूर्णपणे उंचीवर ठरते, त्यामुळे हे माप अंदाजाने घेऊ नये. एकेक पायरी मोजून बेरीज केली तर चूक राहते, कारण पायऱ्या सारख्या नसतात आणि अंगणालाही उतार असतो. रॅम्प जिथे संपणार ती वरची पातळी आणि जिथे सुरू होणार ती जमीन, यांतला सरळ उभा फरक हवा असतो.

यासाठी मिस्त्री वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी सर्वांत सोपी. नळीचे एक टोक वरच्या लादीवर धरावे, दुसरे रॅम्पच्या संभाव्य सुरुवातीच्या जागेवर. आत हवेचा बुडबुडा नसल्याची खात्री करावी. दोन्ही टोकांचे पाणी एका पातळीत स्थिर झाले की दोन्हीकडे जमिनीपासून पाण्यापर्यंतची उंची मोजावी आणि वजाबाकी करावी. खाली ७४ आणि वर २६ सेंटिमीटर आले, तर उंची ४८ सेंटिमीटर.

त्याच वेळी दारासमोर मोकळी जागा किती लांब आणि किती रुंद आहे, तेही मोजावे. कागदावर साधा आराखडा काढून त्यात फाटक, नळजोडणी, मीटरबॉक्स, तुळशीवृंदावन, झाडे आणि गाडीची जागा दाखवावी.

५. चढाचे गणित करावे

रॅम्पसाठी सर्वत्र मानले जाणारे प्रमाण १:१२ आहे. म्हणजे १ सेंटिमीटर उंची चढायला १२ सेंटिमीटर आडवी लांबी. केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांतही याच प्रमाणाचा आधार घेतला आहे. हे चढाचे कमाल टोक समजावे. जागा असेल तर चढ त्याहून सौम्य ठेवावा. व्यक्ती स्वतः खुर्ची चालवणार असेल तर १:१५ किंवा १:२० ने दमछाक बरीच कमी होते.

हिशेब असा. १५ सेंटिमीटरच्या एका पायरीला १८० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ६ फूट लांबी लागते. तीन पायऱ्यांची मिळून ४८ सेंटिमीटर उंची असेल तर ५७६ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १९ फूट. याशिवाय वर आणि खाली खुर्ची वळवण्यासाठी प्रत्येकी दीड मीटर बाय दीड मीटरचा सपाट चौक धरावा. रॅम्पला वळण द्यायचे असेल तर वळणावरही असाच सपाट चौक लागतो. उतारावर खुर्ची वळवणे धोक्याचे असते.

‘लांबी अर्धी केली तर काय बिघडते?’ असे कारागीर हमखास विचारतात. १:६ च्या चढावर ढकलणाऱ्याच्या हातांवर येणारा भार १:१२ च्या जवळजवळ दुप्पट होतो. शिवाय खुर्चीचा तोल मागे जातो आणि उतरताना ती आवरत नाही. त्यामुळे जागा कमी असेल तर चढ वाढवू नये, उपकरणाचा प्रकार बदलावा.

६. उंचीनुसार उपकरण ठरवावे

अ) पाच सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे उंबरठा. येथे पाचरीच्या आकाराचा रबरी किंवा ॲल्युमिनियमचा छोटा रॅम्प पुरतो. बाजारात तो थ्रेशोल्ड रॅम्प या नावाने मिळतो. अनेक घरांत उंबरठा काढणे मनाला पटत नाही. त्याची पूजा होते, हळदकुंकू वाहिले जाते, रांगोळी काढली जाते. तो तसाच ठेवून दोन्ही बाजूंना पाचर लावता येते. मात्र दार आत उघडत असेल तर आतली पाचर दाराला अडते. अशा ठिकाणी आतली पाचर उचलून ठेवता येईल अशी घ्यावी किंवा आतली लादी तेवढी वर घ्यावी. उंबरठा नव्याने बसवत असाल तर तो १२ मिलिमीटरपेक्षा उंच नसावा आणि त्याच्या कडा तिरप्या घासून घ्याव्यात.

आ) एक पायरी, साधारण २० सेंटिमीटरपर्यंत. गरज तात्पुरती असेल किंवा रॅम्प रोज उचलून ठेवावा लागणार असेल, तर ॲल्युमिनियमचा फोल्डिंग रॅम्प योग्य. तो सुटकेससारखा मिटतो. लांबी हिशेबानेच घ्यावी. ‘एका पायरीसाठी’ म्हणून विकला जाणारा ३ फुटी रॅम्प १५ सेंटिमीटर उंचीला फार उभा पडतो. लांबीबरोबर वजन वाढते, त्यामुळे तो रोज कोण उचलणार हे आधी ठरवावे. दोन सुट्या पन्हळींचा सरकता रॅम्पही मिळतो. तो हलका असतो, पण दोन्ही पन्हळी चाकांच्या अंतराशी तंतोतंत जुळवाव्या लागतात आणि ढकलणाऱ्याला मधल्या पायऱ्यांवरून चालावे लागते. ज्येष्ठ मदतनिसासाठी तो टाळावा.

इ) दोन ते चार पायऱ्या, साधारण ६० सेंटिमीटरपर्यंत. जागा असेल तर कायमचा रॅम्प हाच उत्तम उपाय. त्याला वीज लागत नाही, तो बिघडत नाही, आणि गुडघे दुखणारे शेजारी, बाळाची गाडी ढकलणारे पालक, गॅसचे सिलिंडर आणणारे कामगार या सर्वांच्या तो उपयोगी पडतो. घर भाड्याचे असेल किंवा पक्के बांधकाम नको असेल, तर तुकडे जोडून उभा करायचा ॲल्युमिनियम किंवा जस्त चढवलेल्या लोखंडाचा मॉड्युलर रॅम्प घ्यावा. घर बदलताना तो सोडवून नेता येतो.

ई) जागा अपुरी किंवा उंची जास्त. येथे उभी प्लॅटफॉर्म लिफ्ट हा पर्याय आहे. व्यक्ती खुर्चीसह मावेल असा साधारण मीटरभर रुंद आणि सव्वा ते दीड मीटर लांब फलाट सरळ वर जातो. उंच जोत्याच्या बंगल्यांना आणि कोकणातल्या उतारावरच्या घरांना तो सोयीचा ठरतो.

उ) पूर्ण मजला चढायचा असेल आणि इमारतीला लिफ्ट नसेल. येथे तीन पर्याय दिसतात. जिन्याच्या रुळावरून सरकणारी खुर्ची. हिच्यात व्यक्तीला व्हीलचेअरवरून उठून बसावे लागते, वर पुन्हा दुसऱ्या व्हीलचेअरवर बसावे लागते, आणि तिला कंबरेवर तोल सांभाळता यायला हवा. जिन्यावरून तिरका सरकणारा फलाट. याला जिना बराच रुंद लागतो. आणि बॅटरीवर चालणारा, पट्ट्यांच्या साहाय्याने पायऱ्या चढणारा स्टेअर क्लायंबर; हा बांधकामाशिवाय वापरता येतो, पण प्रशिक्षित मदतनीस प्रत्येक वेळी हवा आणि जिन्याच्या वळणावरचा चौक पुरेसा मोठा हवा. चाळीतल्या अरुंद, उभ्या लाकडी जिन्यांवर यांपैकी काहीच सुरक्षित नसण्याची शक्यता आहे. प्रत्यक्ष चाचणीशिवाय खरेदी करू नये. तळमजल्यावर जागा बदलून घेणे हाही विचारात घेण्याजोगा उपाय आहे.

७. दार रॅम्पशी जुळवून घ्यावे

दाराची मोकळी रुंदी, म्हणजे दार ९० अंशांत उघडल्यावर पाखा आणि समोरची चौकट यांतले अंतर, ९० सेंटिमीटर असावे. जुन्या घरात ते शक्य नसेल तर निदान ८० सेंटिमीटर मिळते का ते पाहावे. थोडेच कमी पडत असेल तर चौकट फोडण्याआधी बिजागऱ्या बदलून पाहाव्यात. पाख्याला चौकटीच्या बाहेर पूर्ण वळवणाऱ्या ऑफसेट बिजागऱ्यांनी पाख्याच्या जाडीइतकी, म्हणजे ३ ते ४ सेंटिमीटर जागा मोकळी होते.

बाहेर उघडणाऱ्या जाळीच्या दाराकडे विशेष लक्ष द्यावे. रॅम्पचे वरचे टोक थेट दाराला भिडवले, तर जाळीचे दार उघडताना खुर्चीला मागे, म्हणजे उतारावर सरकावे लागते. हे धोकादायक आहे. वर सपाट चौक ठेवावा. तो शक्य नसेल तर जाळीचे दार सरकते करून घ्यावे. कडी आणि कुलूप बसलेल्या व्यक्तीच्या हाताला येईल अशा, साधारण एक मीटरच्या उंचीवर असावेत. गोल नॉबऐवजी खाली दाबायचा दांडा लावावा. अशक्त हातालाही तो चालतो.

८. कायमचा रॅम्प बांधताना हे तपशील ठरवून द्यावेत

गवंड्याला ‘रॅम्प करून द्या’ एवढेच सांगू नये. कागदावर पुढील गोष्टी लिहून द्याव्यात. रुंदी १२० सेंटिमीटर. अगदीच जागा नसेल तरी ९० सेंटिमीटरच्या खाली जाऊ नये. उघड्या बाजूंना चाक घसरू नये म्हणून ७ ते १० सेंटिमीटर उंचीची कड. दोन्ही बाजूंना दोन उंचींवर कठडे : एक सुमारे ७६ सेंटिमीटरवर आणि दुसरा ९० सेंटिमीटरवर. खालचा कठडा बसलेल्या व्यक्तीच्या हाताला येतो, वरचा चालणाऱ्याच्या. कठड्याची नळी ४ सेंटिमीटरच्या आसपास जाडीची आणि भिंतीपासून ५ सेंटिमीटर दूर असावी, म्हणजे मूठ नीट बसते.

पृष्ठभागाच्या बाबतीत तडजोड करू नये. चकचकीत ग्रॅनाइट आणि गुळगुळीत टाइल पावसात घसरड्या होतात. काँक्रीट ओले असताना त्यावर आडवा झाडू ओढून बारीक रेषा उठवाव्यात, किंवा खरबरीत लादी बसवावी. खोल खाचा पाडू नयेत. चाके त्यात धडधडतात आणि मणक्याच्या रुग्णाला प्रत्येक धक्का जाणवतो.

पाण्याचा निचरा आधीच आखावा. रॅम्पच्या पायथ्याशी डबके साचले तर पावसाळ्याचे चार महिने तो निरुपयोगी होतो. तिथे आडवी पन्हळ घालून तिच्यावर जाळी बसवावी. जाळीच्या फटी १२ मिलिमीटरपेक्षा रुंद नसाव्यात आणि चाकांच्या दिशेला आडव्या असाव्यात. शक्य असल्यास वर पत्र्याचे किंवा पॉलिकार्बोनेटचे छप्पर घ्यावे. रात्री पूर्ण रॅम्प उजळेल असा एक दिवा लावावा.

९. लिफ्ट घेताना सुरक्षेची खात्री करावी

फलाटाखाली अडथळा आला तर लिफ्ट आपोआप थांबते का, दार उघडे असताना ती हलत नाही ना, आणीबाणीचे बटण बसलेल्या व्यक्तीच्या हाताशी आहे का, आणि वीज गेल्यावर फलाट खाली आणण्याची सोय आहे का, हे चार मुद्दे प्रत्यक्ष चालवून पाहावेत. भारनियमन किंवा वादळात वीज जाणाऱ्या भागात बॅटरीवर काही फेऱ्या करणारीच लिफ्ट घ्यावी. तिच्यासाठी स्वतंत्र एमसीबी आणि चांगले अर्थिंग लागते. हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे. मुले खेळता खेळता लिफ्ट चालवणार नाहीत, यासाठी चावीचे कुलूप असावे.

महाराष्ट्रात लिफ्टसाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. आपण घेत असलेल्या लिफ्टला कोणती परवानगी आणि तपासणी लागते, ती कोण मिळवून देणार, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

१०. सोसायटीची परवानगी वेळेत मागावी

रॅम्प किंवा लिफ्ट सामाईक जागेत येत असेल तर सचिवांकडे लेखी अर्ज द्यावा. अर्जासोबत तीन गोष्टी जोडाव्यात : मापांसह आराखडा, डॉक्टरांचे पत्र किंवा दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, आणि खर्च कोण करणार याचा स्पष्ट उल्लेख. आराखड्यात जिना, अग्निशमनाचा मार्ग आणि गाड्यांची वाट मोकळी राहते हे दाखवावे. बहुतेक हरकती याच मुद्द्यांवर असतात. अर्जाची पोच घ्यावी. समितीतील दोन सदस्यांना प्रत्यक्ष जागेवर बोलावून खडूने रॅम्पची रेघ आखून दाखवावी. कागदावर मोठा वाटणारा रॅम्प जमिनीवर किती जागा घेतो, ते पाहिल्यावर अनेकांचा विरोध मावळतो. इमारतीतील इतर ज्येष्ठांनाही त्याचा उपयोग होणार असेल तर खर्च सोसायटीने उचलण्याचा प्रस्ताव सर्वसाधारण सभेत मांडावा.

नकार आला तर तो लेखी मागावा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये, अवाजवी बोजा न पडता करता येणाऱ्या आवश्यक बदलांना ‘वाजवी सोय’ म्हणून स्थान दिले आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे किमान नियम बंधनकारक असले पाहिजेत, असे स्पष्ट केले. सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे आणि पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे दाद मागता येते. तरीही संवादाने सुटणारा प्रश्न आधी संवादानेच सोडवावा. आपल्याला रोज त्याच इमारतीतून ये-जा करायची आहे.

११. विक्रेत्याशी लेखी व्यवहार करावा

निदान दोन विक्रेत्यांना जागेवर बोलावून दरपत्रक घ्यावे. जागा न पाहता फोनवरच उपकरण ठरवणाऱ्याला टाळावे. दरपत्रकात पुढील बाबी असाव्यात : उपकरणाची लांबी-रुंदी, सुरक्षित भारक्षमता, धातू आणि त्यावरील प्रक्रिया, बसवण्याचा खर्च, बांधकामाचा वेगळा खर्च, हमीचा काळ, सुटे भाग कुठून येणार, आणि बिघाड झाल्यावर किती तासांत माणूस येणार.

भारक्षमतेचा हिशेब स्वतः करावा. ८० किलोची व्यक्ती, ६० किलोची बॅटरीची खुर्ची आणि ६५ किलोचा मदतनीस मिळून २०५ किलो होतात. अशा वेळी २५० किलोपेक्षा कमी क्षमतेचे उपकरण घेऊ नये. किनारपट्टीवरील घरांसाठी साधे रंगवलेले लोखंड टाळावे; खाऱ्या हवेत जोड आतून गंजतात. ॲल्युमिनियम, स्टेनलेस स्टील किंवा जस्त चढवलेले लोखंड निवडावे.

खर्चाच्या चढत्या क्रमाने पाहिले तर थ्रेशोल्ड रॅम्प, फोल्डिंग रॅम्प, काँक्रीटचा रॅम्प, मॉड्युलर रॅम्प आणि लिफ्ट असा साधारण क्रम लागतो. लिफ्ट लाखांच्या घरात जाते आणि तिच्या वार्षिक देखभाल कराराचा खर्च दरवर्षी येतो, तो आधीच धरावा. गरज काही महिन्यांचीच असेल तर भाड्याचा विचार करावा. गावोगावी सेवाभावी संस्था आणि मंडळे रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे चालवतात. तेथे व्हीलचेअर अनामत रकमेवर मिळते. रॅम्पची चौकशीही तेथेच करावी.

१२. चाचणी घेऊन मगच पूर्ण रक्कम द्यावी

पहिली फेरी रिकाम्या खुर्चीने, दुसरी व्यक्तीच्या वजनाइतकी पोती ठेवून आणि तिसरी प्रत्यक्ष व्यक्तीसह करावी. रॅम्पच्या दोन्ही टोकांना खुर्ची टेकते का, फोल्डिंग रॅम्प पायरीवरून सरकतो का, कठडे हलतात का, ते पाहावे. फोल्डिंग रॅम्पचे वरचे ओठ पायरीवर पूर्ण टेकले पाहिजे आणि सुरक्षा पिना लावल्याशिवाय तो वापरू नये.

घरातील प्रत्येक मदतनिसाला पद्धत शिकवावी. चढताना व्यक्तीचे तोंड पुढे, मदतनीस मागे. उतरताना खुर्ची उलटी फिरवून मदतनिसाने खालच्या बाजूला राहावे आणि मागे मागे, सावकाश उतरावे. म्हणजे व्यक्ती पुढे कलंडत नाही. वर पोहोचताच ब्रेक लावून मगच दार उघडावे. कमरेचा पट्टा बांधण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

१३. देखभाल ठरवून महिन्याने फेरविचार करावा

मे महिन्याच्या शेवटी सर्व बोल्ट, वेल्डिंगचे जोड आणि रबरी पट्ट्या तपासाव्यात. पावसाळ्यात काँक्रीटवर शेवाळ धरते; आठवड्यातून एकदा ताठ ब्रशने रॅम्प घासावा. निचऱ्याच्या जाळीतील पाने काढावीत. रॅम्पवर कुंड्या, चपला किंवा दुचाकी ठेवू नये, हा घरातील आणि इमारतीतील पक्का नियम करावा.

महिन्याभराने आपण व्यक्तीसोबत बसून चार गोष्टी तपासाव्यात. ती पूर्वीपेक्षा जास्त वेळा बाहेर जाते का? एका मदतनिसाने काम होते का? कोठे भीती वाटते? कोणता टप्पा अजून अडतो? उपकरण बसवल्यावरही बाहेर जाणे वाढले नसेल, तर तिसऱ्या टप्प्यातील यादी पुन्हा काढावी. अडथळा बहुधा आणखी कोठे तरी राहिलेला असतो. उपकरणाची योग्यता यावरूनच ठरवावी : डॉक्टरांच्या तारखेव्यतिरिक्तही, वाचनालयात, देवळात, नातवंडाच्या शाळेत किंवा नुसते कट्ट्यावर जाण्यासाठी, तिला मनात येईल तेव्हा घराबाहेर पडता आले पाहिजे.